खाडीच्या पाण्याचे कॅन

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला तर पूर्वी मी हौसेनं सांगायची, खाडीच्या पाण्यातली नैसर्गिक किरणोत्सारिता. समोरच्याचा चेहरा जरासा बदलायचा, मग मी बसून समजावायची. आता नुसतं 'पाण्यावर काम केलंय' म्हणते आणि दुसरं काहीतरी बोलायला लागते.

कोल्हापूरला समुद्र नाही. घाट उतरून खाली गेल्याशिवाय खाडी दिसत नाही. मोठा भाऊ म्हणायचा, "नदी काय कमी हाय व्हय इथं? एवढ्या लांब कशाला मरायला जातीस?" त्याला मी सांगितलं होतं की मला गोडं पाणी नको आणि खारंही नको, दोन्ही जिथं मिसळतात तिथलं पाणी हवंय. डोंगरातल्या दगडात रेडियम असतं, अगदी नावापुरतं. नदीच्या गाळाला चिकटून ते खाली येतं. गोड्या पाण्यात गाळाला धरून राहतं आणि खारं पाणी लागलं की सुटून पाण्यात उतरतं. म्हणून नदीत सापडत नाही आणि भर समुद्रातही सापडत नाही, तेवढं ते खाडीच्या मधल्या टप्प्यात सापडतं. कुणी टाकलेलं नसतं, कुठल्या कारखान्याचं नसतं. नद्या वाहायला लागल्या तेव्हापासून हे चाललेलं आहे. मला ते फार सुंदर वाटायचं. भाऊ ऐकून म्हणाला, "बरं."

विद्यापीठातल्या आमच्या विभागाची गाडी वेळेवर मिळायची नाही. तेव्हा पप्पा म्हणाले, "मी हाय की."

पप्पा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. निवृत्त होईपर्यंत आंबोली घाटानं गोव्याला दूध पोचवायचे. घरी बसल्यावर त्यांना करमेना. एक जुनी ओम्नी घेऊन ठेवली होती, तिचंच काहीतरी उघडून बसायचे. माझ्या खाडीनं त्यांना पुन्हा घाट मिळाला. पहाटे मंगळवार पेठेतून निघायचो, आजऱ्याला चहासाठी थांबायचो. तिथला हॉटेलवाला त्यांना टँकरच्या दिवसांपासून ओळखत होता. "काय पावणं, आता टँकर सोडून पोरगी पोचवायला लागला काय?" असं तो म्हणायचा, आणि पप्पा सांगायचे, "पोरगी न्हवं, सायंटिस्ट हाय ती. मी तिचा ड्रायव्हर." ते थट्टेत म्हणायचे, पण पुढच्या वळणापर्यंत त्यांच्या तोंडावर हसू राहायचं.

खाडीवर एक होडीवाले काका ठरवलेले होते. साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. भरती-ओहोटी बघून ते वेळ सांगायचे. मी पाण्याचा खारेपणा मोजायची, जागा ठरवायची आणि पप्पा बाह्या वर सारून कॅन भरायचे. पहिल्या दिवशी कॅन बुडवता बुडवता त्यांनी विचारलं, "ह्यात ॲटम बॉम्बातलं हाय म्हणायचं काय?"

"तसलं न्हाय पप्पा. दगडातलं हाय. आपल्या अंगातबी असतंय थोडं."

"माझ्या?"

"सगळ्यांच्या."

"मग मला कशाला सोडलंस? मलाबी भर की कॅनमध्ये," ते म्हणाले आणि काकाही हसले. काकांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

परत फिरताना काकांनी वल्हं थांबवून मला विचारलं, "बाये, ह्या पाण्यात इख आसा काय तां बघतलंस मां?" त्यांची बायको पोटाच्या कॅन्सरनं गेली होती. वाडीत आणखी दोघं-तिघं तशीच गेली होती. गावात कुणीतरी बोललं होतं की पाणीच बाधतंय. मी सांगितलं, विष आहे का ते बघते. पुढच्या फेरीला आकडे हातात होते, म्हणून मी त्यांना आनंदानं सांगितलं की काका, पाण्यात काही नाही, जगातल्या कुठल्याही खाडीत असतं तेवढंच आहे. त्यांनी समोरच्या कांदळवनाकडं बघितलं. मग म्हणाले, "इख नाय, तर मगे माणसां कित्याक मरतत?"

पप्पांनी त्यांच्यापुढं तंबाखूची पुडी धरली. दोघांनी मळली आणि आम्ही धक्क्याला लागलो.

आणलेलं पाणी लगेच मोजून भागत नाही. हवाबंद करून काही आठवडे ठेवावं लागतं, म्हणजे त्यातल्या रेडियमपासून पुरेसा रेडॉन वायू तयार होतो आणि मग तो मोजता येतो. हे कॅन विभागाच्या कोठीत राहायचे. एका पावसाळ्यात कोठीचं छत गळायला लागलं, दुरुस्ती निघाली आणि माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तात्पुरते घरी ठेवता येतील का?" आमच्या घरात बाहेरच्या खोलीत जिन्याखाली मोकळी जागा होती. पप्पांचा दिवाण तिथंच होता. त्यांनी स्वतः फळी ठोकली, कॅन ओळीनं लावले, प्रत्येकावर चिकटवलेल्या पट्ट्या पुढच्या बाजूला येतील असे फिरवून ठेवले. सकाळी बुद्धवंदना झाली की एकदा झाकणं चाचपून बघायचे. आईनं तेव्हा एवढंच विचारलं, "वास न्हाय ना येणार?"

दुरुस्ती लांबत गेली. कॅन राहिले.

पुढच्या हिवाळ्यात पप्पांना ताप यायला लागला. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर बारीक लाल ठिपके उठले. पहिल्या डॉक्टरांनी डेंग्यू म्हणून तपासण्या सांगितल्या. त्या रिपोर्टवरून त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं आणि तिथं कंबरेच्या हाडातून नमुना काढला. रक्ताचा कॅन्सर निघाला, तोही झपाट्यानं वाढणारा. मी डॉक्टरांना कारण विचारलं. ते म्हणाले, "या वयात बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. शोधत बसू नका." मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही काय करता?" मी भौतिकशास्त्र म्हणाले. आईनं पुढचं सांगितलं.

"किरणाचं पाणी घरात आणून ठेवतीया," आई म्हणाली. "ह्यांच्या उशाला."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना प्रमाण सांगितलं, एकक सांगितलं. त्यांना ते पटलं, त्यांनी आईला सांगितलंही की अशा पाण्यानं हा आजार होत नाही. पण आईनं बघितलं होतं ते आधीचं, डॉक्टरांचं माझ्याकडं बघणं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "त्यांनीबी दचकून बघितलं. मी काय शिकलो न्हाय, पण डोळं हायत मला."

त्या आठवड्यात भावानं कॅन उचलले. मी दवाखान्यात होते. त्यानं एकेक झाकण फोडून पाणी गल्लीतल्या गटारात ओतलं. शेजारच्या वहिनींनी विचारलं की कसलं पाणी ओततोस, तर त्यानं सांगून टाकलं. मी घरी आले तेव्हा शेजारी गल्ली धुऊन काढत होते. फळी मात्र तशीच होती, रिकामी.

भावावर मी ओरडले नाही. तो रात्रंदिवस रक्तदाते शोधत फिरत होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याला कुणावर तरी चिडायला हवं होतं. रोगावर चिडता येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मला वाटलं, डोळ्यांनी दाखवावं. मी सरांची परवानगी काढून विभागातला किरणं मोजायचा मीटर घरी आणला. विभागात एक कॅन उरला होता, तोही आणला. आई आणि भावाला समोर बसवलं. मीटर आधी अंगणात धरला, मग खोलीत, मग कॅनला चिकटवून. काटा सगळीकडं तेवढाच हलत होता. भाऊ वाकून बघत होता. मला वाटलं, आता पटतंय. तेवढ्यावर थांबायला हवं होतं की नाही, मला सांगता येत नाही. पण मला आणखी ठळक काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून मीटर स्वयंपाकघरात नेला आणि ग्रॅनाईटच्या ओट्यावर ठेवला. काटा थोडा वर सरकला.

"हे बघा," मी म्हणाले. "आपल्या ओट्यात त्या पाण्यापेक्षा जास्त हाय. आणि त्यानंबी काय होत न्हाय. दगड हाय, दगडात असतंयच."

आई ओट्याकडं बघत राहिली. पप्पा निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशातून तिनं हट्टानं तो बसवून घेतला होता. आयुष्यभर खाली बसून स्वयंपाक केला होता तिनं. ओटा दिवसातून दोनदा पुसायची, त्यावर कुणाला गरम भांडं ठेवू द्यायची नाही.

"म्हंजे ह्यातबी हाय?" ती म्हणाली.

"आई, सगळ्यात असतंय."

"आन् मी त्यावर भाकरी थापतोय रोज. ह्यांना खायाला घालतोय."

दुसऱ्या दिवशी शेगडी खाली आली. आई पुन्हा जमिनीवर बसून स्वयंपाक करायला लागली, गुडघे दुखत असताना. भावानं ओट्यावर प्लायवूड टाकलं. मी कितीदा सांगितलं, रडून सांगितलं. ती मला खोटं पाडत नव्हती. ती माझं सगळं खरं धरत होती आणि त्याचा अर्थ मात्र तिचा होता. जास्त समजावलं की जास्त भीती. शेवटी मी समजावणं सोडलं.

पप्पा या सगळ्यात माझ्या बाजूनं होते. केमो चालू होती, तोंड आलेलं, तरी आईला दटावायचे, "पोरगीला बोलू नको. तिला कळतंय त्यातलं." मला त्यांच्या त्या वाक्याचा फार आधार होता. घरात एक माणूस आहे ज्याला माहीत आहे, असं वाटायचं.

मग एका दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना नारळपाणी चमच्यानं देत होते. ते म्हणाले, "बाळा, एक विचारू? रागाला येऊ नको."

"विचारा की."

"त्या पाण्यानं तर न्हाय ना झालं?"

मी म्हणाले, न्हाय. शपथ घेऊन म्हणाले. का नाही तेही सांगायला लागले, पण त्यांनी हात वर केला. "तू म्हणतीस तर न्हाय. संपलं." मग चमचा बाजूला सारला. "पर तूबी एकदा रक्त तपासून घे. माझ्या समाधानासाठी."

मी खालच्या लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आणून दाखवला, सगळं व्यवस्थित. त्यांनी तो कागद हातात धरला, चष्मा नव्हता म्हणून मलाच वाचायला लावला. ऐकून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. तेव्हा मला समजलं की त्यांनाही पाण्यानंच झालं असं वाटतंय. आईसारखंच, भावासारखंच. फक्त त्यांना माझी काळजी होती, म्हणून ते माझ्या बाजूनं बोलत होते.

दुसऱ्या केमोनंतर जंतुसंसर्ग झाला आणि ते गेले.

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्यात जलदान विधी करतात. घरची माणसं मिळून एका तांब्याला हात लावतात आणि खालच्या वाटीत पाण्याची धार सोडतात. वाटी भरून सांडेपर्यंत. बौद्धाचार्य गाथा म्हणत होते. भावानं तांब्या धरला, आईनं त्याच्या हाताला हात लावला, त्याच्या बायकोनं लावला. मी पुढं झाले. आई माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. पाण्याला हात लावू नको."

बौद्धाचार्यांनी ऐकलं असावं, कारण ते क्षणभर थांबले. मग पुढची ओळ म्हणू लागले. मी मागं सरकून भिंतीपाशी बसले. वाटी भरली, सांडली, खालच्या ताटलीत पाणी पसरलं. नातेवाइकांतल्या एका बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, मी दुःखानं मागं सरकले.

भावानं ओतून टाकलेले नमुने पुन्हा गोळा करायचे होते. त्याशिवाय प्रबंध पुरा होत नव्हता. काम सोडावं असं मनात आलं होतं, पण सोडलं असतं तर घरच्यांना त्यात कबुली दिसली असती. म्हणून मी एसटीनं एकटी गेले. कॅन कमी घेतले, उचलवत नव्हते. धक्क्यावर काका बसले होते. माझ्या मागं बघत म्हणाले, "बाबा खंय?"

मी सांगितलं.

"कसल्यान?"

तेही सांगितलं. खोटं सांगायचं सुचलं नाही. त्यांनी होडी पाण्यात ढकलली. मधल्या टप्प्यात आल्यावर वल्हं आत घेतलं. "म्हणजे ह्या पाण्यातच काय तरी आसा."

"नाही हो काका. मी मोजलंय. तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"मोजलंस तां खरां," ते म्हणाले. "पण जो मोजूक येय, तोच गेलो."

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा ओहोटी होती आणि चिखलात बायका नव्हत्या. एरवी ओहोटीला दहा-पंधरा जणी वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत असायच्या, गप्पा आणि शिव्या धक्क्यापर्यंत ऐकू यायच्या. काकांनी सांगितलं की आता बाजारात या खाडीच्या तिसऱ्या कुणी घेत नाही. कोल्हापूरचा माणूस इथलं पाणी नेऊन मेला, असं सगळीकडं झालंय. ते मला दोष देऊन बोलत नव्हते, पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

मी वाडीतल्या शाळेत बायकांना जमवलं. सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. पाणी चांगलं आहे, तिसऱ्या खा, विका, माझे वडील वेगळ्या कारणानं गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा केला. एक म्हातारी म्हणाली, "वेगळ्या म्हणजे कसल्या?" मी म्हणाले, कारण माहीत नाही. तिनं शेजारणीकडं बघितलं. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं. उठताना एकीनं मला विचारलं, तू मुंबईच्या कुठल्या मोठ्या दवाखान्यात कुणाला ओळखतेस का, तिच्या मुलीच्या मानेला गाठ आली होती. मी कुणाला ओळखत नव्हते.

प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की या निष्कर्षांचा स्थानिकांना काय उपयोग. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पाठ केलेलं उत्तर दिलं, की लोकांच्या मनातली अनाठायी भीती दूर व्हायला मदत होईल. त्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. घरचं कुणी आलं नव्हतं.

आता मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये बारावीला शिकवते. किरणोत्सारितेच्या धड्यापाशी आले की पुस्तकात आहे तेवढंच सांगते. मंगळवार पेठेतलं घर भाऊ भाड्यानं देणार होता, पण गल्लीतल्यांनी येणाऱ्यांना काय सांगितलं कोण जाणे, कुणी टिकलं नाही. आई भावाकडं उपनगरात राहते. मी रविवारी जाते. ती माझ्यावर रागावलेली नाही. माझ्या आवडीचं करते, केस विंचरून देते, लग्नाचं विचारते. फक्त माझं ताट, वाटी आणि पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. भावाची लहान मुलगी आहे, तिच्यासाठी ही काळजी.

पहिल्यांदा ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी म्हणाले, "आई, आजोबांना हॉटेलात फुटका कप वेगळा ठेवायचे म्हणून तूच सांगायचीस न्हवं?"

ती तवा घासत होती. थांबली. "ते उगंच ठेवायचे," ती म्हणाली. "माणसाला माणूस बाटतंय व्हय? हे वेगळं हाय." आणि पुन्हा तवा घासू लागली. ती मनापासून बोलत होती. मी जेवले, माझं ताट घासलं, खिडकीत पालथं घातलं आणि बसला उशीर होईल म्हणून लवकर निघाले.